परळचं हॉटेल रात्रभर उघडं ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावर वडिलांच्या काळापासूनची मालवणी खानावळ आहे. जागा पागडीची, म्हणजे जुन्या नाममात्र भाड्याची, दारूचा परवाना नाही, रात्री साडेअकराला शटर पडतं. पुलापलीकडे लोअर परळचे पब रात्री उशिरापर्यंत गजबजलेले दिसतात आणि सरकार म्हणतंय की चोवीस तास उघडं ठेवा. मग रात्रभर चालवावं का? परमिट रूम घ्यावी का? गच्चीवर टेबलं टाकावीत का? आणि या सगळ्या नाइटलाइफमधून आपल्यासारख्या छोट्या हॉटेलवाल्याला काही मिळतं, की तो पबवाल्यांचाच खेळ आहे?

हॉटेलांचे परवाने काढून देणं आणि कागदपत्रं सांभाळणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. रात्रभर नको. रात्री दोनपर्यंत चालवा आणि पहाटे चारला पुन्हा उघडा. मधल्या दोन तासांत फार तर पार्सलची खिडकी ठेवा. परमिट रूम घेऊ नका. गच्चीचा विचार सोडा. आता कारणं.

आधी कायदा, कारण त्यात लोकांचा घोळ फार आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७चा, तो लागू झाला १९ डिसेंबर २०१७ला. त्याने आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास धंदा उघडा ठेवायला मुभा दिली. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे. मात्र कोणत्या धंद्याची वेळ बांधून द्यायची तो अधिकार सरकारने हातात ठेवला आणि परमिट रूम, बियर बार, डान्स बार, हुक्का पार्लर, वाइन शॉप यांच्या वेळा वेगळ्या ठरवल्या. मुंबईत परमिट रूमला रात्री दीडची मर्यादा आहे, नाताळ आणि ३१ डिसेंबरसारखे दिवस सोडून. म्हणजे तुमच्यासारख्या दारू न विकणाऱ्या खानावळीला २०१७पासूनच आडकाठी नव्हती. तरी आपण सगळे साडेबाराला काठी आपटत येणाऱ्या शिपायाला बघून शटर पाडत राहिलो.

जानेवारी २०२०मध्ये ‘मुंबई २४ तास’चा गाजावाजा झाला. आदित्य ठाकरे त्या कल्पनेच्या मागे बरीच वर्षं होते. मॉल, गिरण्यांची आवारं, बीकेसी, नरिमन पॉइंट, म्हणजे निवासी वस्तीपासून वेगळ्या, फाटक असलेल्या जागांपासून सुरुवात झाली. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला आणि त्या प्रयोगाचं बरं-वाईट ठरायच्या आधीच तो आटोपला. पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारने पुन्हा आदेश काढून तेच स्पष्ट केलं: दारू विकणारी ठिकाणं सोडून बाकी दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास चालू शकतात, स्थानिक यंत्रणेने त्यांना अडवू नये. या आदेशाची प्रत प्लास्टिकच्या कव्हरात घालून गल्ल्याशेजारी टांगा. वाद घालायचा नाही, नुसतं बोट दाखवायचं. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं.

आता मुख्य मुद्दा. मुंबईची रात्र परवानगीवाचून अडलेली नाही, ती घरी जाण्यावाचून अडली आहे.

वेळापत्रक समोर ठेवा. शेवटची लोकल रात्री एकच्या आसपास सुटते, कर्जत-कसाऱ्याची त्याच्याही आधी. पहिली लोकल पहाटे चार-सव्वाचारला. बार बंद होतात दीडला. म्हणजे शेवटची गाडी गेल्यावर अर्ध्या तासाने शहरभरातले बार एकाच वेळी आपलं गिऱ्हाईक रस्त्यावर सोडतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो अॅपवर गाडी मागवतो आणि वाढलेलं भाडं बघून शिव्या घालतो. ज्याच्याकडे नाहीत तो आधीच, साडेबाराला, बिल मागून उठलेला असतो. पबमधला खरा ‘लास्ट ऑर्डर’ कायद्याचा नसतो, विरार लोकलचा असतो. लोअर परळमधल्या पबच्या कुठल्याही कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुकादमाला, विचारा. बारा-सव्वाबारानंतर टेबलं कशी रिकामी होतात आणि मागे कोण उरतं, हे तो सांगेल.

उरतं कोण? बांद्रा, वरळी, पवईची स्वतःच्या गाडीने आलेली पोरं. आणि हॉटेलचे कामगार. कामगारांबद्दल कुणी बोलत नाही. दीडला बार बंद झाला की ग्लास गोळा करणं, मोरी, फरशी, हिशेब यात अडीच वाजतात. परळहून विरार पन्नासेक किलोमीटर. काळी-पिवळी टॅक्सी केली तर मध्यरात्रीनंतरचं पंचवीस टक्के जादा भाडं धरून हजाराच्या वर जातात. वेटरची दिवसाची कमाई त्यात संपली. म्हणून तो टेबलं जोडून त्यावर आडवा होतो आणि चारला उठून स्टेशन गाठतो. बेस्टच्या रात्रीच्या बसगाड्या आहेत, पण मोजक्या मार्गांवर. आणि भुयारी मेट्रो तीन, जिच्यावर शहराने एवढा खर्च केला, ती ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तेव्हा तिची शेवटची गाडी होती रात्री साडेदहाला! साडेदहाला परळात लोक जेवायला बसतात.

बाहेरच्या शहरांनी हा धडा किंमत मोजून घेतला आहे. इंग्लंडमध्ये पब पिढ्यानपिढ्या अकराला बंद व्हायचे आणि सगळे एकदम बाहेर पडल्यावर बसथांब्यावर मारामाऱ्या व्हायच्या. तिथे २००३चा कायदा नोव्हेंबर २००५पासून लागू झाला. त्यात बंद व्हायची एकच वेळ न ठेवता जागेनुसार वेगवेगळी वेळ द्यायची सोय केली, म्हणजे लोक टप्प्याटप्प्याने पांगतील. लंडनने ऑगस्ट २०१६पासून शुक्रवारी-शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर सुरू केली. उलट सिडनीने २०१४मध्ये, दारूच्या नशेतल्या हल्ल्यांत तरुण मुलं गेल्यावर, दीडनंतर नव्या गिऱ्हाइकाला प्रवेश बंद आणि तीनला दारू बंद असा नियम केला. किंग्ज क्रॉस भागातले हल्ले कमी झाले, पण धंदाही बसला, आणि गर्दीचा काही भाग दुसऱ्या उपनगरांत सरकला. २०२० आणि २०२१मध्ये तो नियम त्यांनी टप्प्याने मागे घेतला. आपल्याकडे दीडचा आकडा कायम आहे आणि गाडीचा विचारच नाही. दोन्हीकडचं वाईट तेवढं आपण घेतलंय.

रेल्वे ठरवलं तर चालवू शकत नाही असंही नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री जादा गाड्या धावतात, बेस्ट जादा बस सोडते, लालबाग-परळ दहा दिवस झोपत नाही आणि बायका-मुलं रात्री तीनला रांगेत उभी असतात. तुमच्या गल्ल्यावर त्या दहा दिवसांत काय होतं ते मला सांगायची गरज नाही. रेल्वेचं म्हणणं असतं की रुळांच्या देखभालीला रात्रीचे ते दोन-तीन तासच मिळतात, आणि त्यात तथ्य आहे. पण मग त्या तासांत स्टेशन ते स्टेशन बस का नाही, याचं उत्तर मला आजवर कुठल्याही बैठकीत मिळालेलं नाही.

हे सगळं तुमच्या खानावळीला लागू कसं होतं ते बघा. पबमधून बाहेर पडणारं गिऱ्हाईक दीडनंतर तुमच्याकडे येईल असं तुम्ही धरलंय. थोडं येईल, शुक्रवार-शनिवारी. पबचा धंदाही त्या दोन रात्रींवरच उभा असतो, सोमवार ते गुरुवार ते भाडं भरण्यापुरतं कसंबसं ओढतात. तुम्ही त्यांच्या गिऱ्हाइकावर बसलात तर आठवड्यातले पाच दिवस तुमचाही वस्ताद (आचारी) पंख्याखाली पेंगत बसेल.

तुमचं खरं गिऱ्हाईक तुमच्या दारात आहे आणि ते नाचायला आलेलं नाही. केईएम, टाटा, वाडिया ही तीन नावं घेतली तरी पुरे. टाटाला देशभरातून लोक येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर फुटपाथवर सतरंजी टाकून. केईएमच्या अपघात विभागासमोर रात्री दोनला उभे राहा. पोटात काही नसलेली चार-सहा माणसं दर अर्ध्या तासाला दिसतील, आणि त्यांच्यासाठी सायकलवरचा चहावाला आणि बिस्किटाचा पुडा याशिवाय काही नसतं. शिवाय नर्सेस, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर, रुग्णवाहिकांचे चालक, टॅक्सीवाले, एटीएमचे रखवालदार, रस्ता झाडणारे पालिकेचे कामगार. पहाटे चारपासून दादरच्या फुलबाजाराकडे जाणारे, पेपरची लाइन टाकणारी मुलं, पहिल्या लोकलने उतरणारे. रात्रीचं अर्थकारण म्हटलं की डोळ्यांसमोर रंगीत दिवे येतात, पण कुठल्याही मोठ्या शहरात रात्री काम करणाऱ्यांचा फार मोठा हिस्सा आरोग्य, वाहतूक, सफाई आणि मालाची ने-आण यातलाच असतो. लंडनने मोजदाद केली तेव्हा हेच पुढे आलं.

आपल्या भागाला तर हे नवीन नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा परळ-लालबाग रात्री जागंच असायचं. खानावळी पाळीच्या भोंग्यावर चालत, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा रंगे आणि तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी सातला जेवायला बसे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ती रात्र पुन्हा कधी आली नाही. नव्वदच्या दशकात फिनिक्सच्या आवारात बोलिंग अॅली आली, मग मॉल, मग कमला मिल आणि तोडी मिलमधले बार. त्याच जमिनीवर, पण दुसऱ्यांची रात्र.

हिशेब करून बघू. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा रात्रीच्या पाळीला पाच माणसं: वस्ताद, मदतनीस, दोन वेटर, मोरीवाला. गल्ल्यावर घरचं कुणीतरी. महिना वीस हजाराप्रमाणे एक लाख. त्यांचं जेवण, गॅस, वीज असे तीस हजार. म्हणजे रात्रीला साधारण ४,३०० रुपये. मालाचा खर्च विक्रीच्या चाळीस टक्के धरला तर नुसतं बरोबरीत यायला रात्री ७,२०० रुपयांचा गल्ला हवा. माणशी दीडशे धरले तर पन्नासेक माणसं. बारा ते दोन आणि चार ते सहा या चार तासांत परळच्या त्या रस्त्यावर पन्नास माणसं मिळायला हरकत नाही. दोन ते चार या वेळेत मिळणार नाहीत, आणि त्या दोन तासांसाठी पूर्ण किचन पेटतं ठेवणं म्हणजे तोटाच. म्हणून खिडकी: चहा, कांदापोहे, अंडापाव, गरम पाण्याची बाटली भरून देणं. एक माणूस पुरतो. तुमचा एक मोठा फायदा म्हणजे पागडीची जागा. पबवाल्याला दर चौरस फुटामागे भाडं सुटावं म्हणून रात्रीचा प्रत्येक तास विकावा लागतो, तुम्हाला नाही.

मेन्यूही बदला. रात्री बाराला सुरमई थाळी कोण मागतो? पेजेची वाटी, मऊ भात-वरण, भाकरी-पिठलं, इडली ठेवा. पेशंटला आत न्यायला चालेल असं काहीतरी. टाटासमोर हे विकलं जाईल, कोंबडीवडे तितके नाही.

परमिट रूम. एफएल-तीनचा, म्हणजे परमिट रूमचा, परवाना मिळवणं हा भाग मी करून देऊ शकतो, त्यात माझीच फी आहे, तरी नको म्हणतो. पहिलं, शाळा आणि देवळापासून पंचाहत्तर मीटरचं अंतर, आणि तुमच्या गल्लीत देऊळ कुठे नाही? दुसरं, पैसे. मुंबईत वार्षिक शुल्क लाखांत जातं. बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट पाचवरून दहा टक्के झाला, परवाना शुल्क पंधरा टक्क्यांनी वाढलं, उत्पादन शुल्क साठ टक्क्यांनी. याच्याविरुद्ध ‘आहार’ या हॉटेलमालकांच्या संघटनेने १४ जुलै २०२५ला राज्यभर बार बंद ठेवले होते. वर्षानुवर्षं या धंद्यात मुरलेले शेट्टी लोक मेटाकुटीला आले असताना तुम्ही नव्याने उडी मारणार? तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की परमिट रूम घेतलीत की तुमची चोवीस तासांची मुभा गेली. दीडला बंद करणं आलं. हातातली मोकळी रात्र देऊन बांधलेली संध्याकाळ विकत घ्यायची, तीही पैसे मोजून. शिवाय दारू घेतली की एक्साइज, पोलीस आणि पालिका या तिघांचे दरवाजे वर्षभर उघडे. पिणाऱ्याचं वय हार्ड लिकरला पंचवीस आणि बियर-वाइनला एकवीस आहे की नाही, त्याच्याकडे पिण्याचं परमिट आहे का, हे १९४९च्या दारूबंदी कायद्याचं ओझंही तुमच्याच डोक्यावर. (दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकायचा परवाना ही आपली खास मुंबईची चीज.)

गच्चीचं विचारलंत. पालिकेने २०१७च्या नोव्हेंबरात गच्चीवरच्या उपाहारगृहांचं धोरण मंजूर केलं आणि त्याच डिसेंबरच्या २९ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातल्या छतावर आग लागली. चौदा माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यानंतर अग्निशमन दल गच्ची म्हटली की ज्या नजरेने बघतं ते योग्यच आहे. तुमची इमारत चाळ-पद्धतीची, लाकडी जिना एकच, वर राहती कुटुंबं. धोरणात बसतच नाही, आणि बसली असती तरी मी अर्ज लिहून दिला नसता. उलट आत्ता आहे त्या जागेचं बघा. माळ्यावर कामगार झोपतात ना? सिलिंडर कुठे ठेवता? चिमणीची नळी शेवटची कधी साफ झाली? रात्री धंदा वाढवायचा तर तपासणीही रात्रीच होईल असं धरून चाला.

शेजारी. आवाजाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घालतात, पण तुमच्याकडे स्पीकर नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. तक्रार येते ती वेगळ्याच आवाजांची. गाडीचं दार आपटणं, दुचाकी चालू ठेवून पार्सलची वाट बघणं, रात्री अडीचला फुटपाथवर हसणं, भांड्यांचा खडखडाट. वरच्या मजल्यावरची आजी पोलिसांना फोन करते ती यासाठी, आणि तिचं बरोबर असतं. एक पोरगा बाहेर उभा ठेवा, बारा ते दोन, फक्त गाड्या पुढे काढायला. डिलिव्हरीवाल्यांना इंजिन बंद करायला सांगायचं. भांडी घासायची मोरी मागच्या बाजूला असेल तर रात्रीचा ढीग सकाळी सातनंतर घासा. आणि मजल्यावरच्या सगळ्यांना आधी जाऊन भेटा, नोटीस आल्यावर नाही.

मुंबईच्या बाबतीत माझं एक मत आहे, पटो न पटो. इथे रात्रीवर दोन प्रकारचे लोक बोलतात: एक संस्कृती बुडाली म्हणणारे, दुसरे न्यूयॉर्क करू म्हणणारे. पहिल्यांनी २००५मध्ये डान्स बार बंद केले. त्यात हजारो बायकांची रोजीरोटी गेली आणि प्रकरण २०१९पर्यंत कोर्टात फिरत राहिलं. दुसऱ्यांना गिरणीच्या फाटकाबाहेर काय चाललंय ते दिसत नाही. अॅमस्टरडॅमसारख्या शहरात रात्रीचा वेगळा प्रतिनिधी नेमला गेला, तो हॉटेलवाले, रहिवासी आणि पालिका यांना एका टेबलाशी बसवतो. आपल्याकडे वॉर्ड ऑफिस सहाला बंद होतं आणि रात्रीचं शहर एकट्या पोलीस ठाण्याच्या हवाली असतं. मग बंदोबस्ताची भाषा सुटणार कशी?

कामगारांच्या बाबतीत कायदा पाळाच, कारण रात्रीच्या पाळीत तक्रार झाली तर पहिली हजेरीपत्रकच मागतात. रात्रीची माणसं वेगळी, दिवसाची वेगळी. त्याच वस्तादाला सकाळी अकरा ते पहाटे दोन उभं केलंत तर महिन्याभरात तो गावी पळेल. नवी माणसं घेताना जवळ राहणारी बघा, शिवडी, काळाचौकी, वडाळा, म्हणजे दोनला चालत किंवा सायकलने घरी जातील. कामाला बायका असतील तर रात्री साडेनऊनंतर त्यांची लेखी संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी तुमची. पोळीभाकरीचं काम त्यामुळे संध्याकाळीच उरकून घ्या.

सुरुवात एकदम करू नका. पहिला महिना फक्त शटर दोनपर्यंत, आणि रोज दर तासाचा गल्ला वेगळा लिहायचा. दुसऱ्या महिन्यात पहाटे चारची पाळी जोडा. गणपतीच्या महिन्यात हा प्रयोग करू नका, आकडे फसवे येतील. दिवाळीनंतर करा. फायर एनओसी आणि पालिकेचं आरोग्य खात्याचं लायसन्स यांची मुदत बघून ठेवा, एफएसएसएआयच्या अन्नसुरक्षा परवान्याचीही. दोन्ही महिन्यांचे तासवार आकडे आले की पाठवा, मग खिडकी ठेवायची की काढायची ते ठरवू.